पोरींच्या कुस्त्या कापू नका : आमच्या गावच्या जत्रा कमिटीला आणि मैदानाच्या पंचांना खुलं पत्र

जत्रा कमिटीचे अध्यक्ष, सगळे सभासद, मैदानाचे पंच आणि तालमीचे वस्ताद, सगळ्यांना नमस्कार.

मी तुमच्यातल्याच एका पैलवानाची मुलगी. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांच्याबरोबर एकाच आखाड्यात माती उकरलीय, तुम्हाला काका, मामा म्हणतच मी मोठी झाले, त्यामुळे या पत्रातपण तसंच म्हणणार. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपलं आपल्याला माहीत आहे आणि बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या दुसऱ्या गावांतपण थोडंफार हेच चालतंय असं तिथल्या पोरी सांगतात, म्हणून घरी येऊन बोलायच्या ऐवजी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. घरी येऊन बोलले होते, दोनदा. "बघू की" म्हणालात, चहा पाजलात, आणि पोस्टर छापायला गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मागच्या वर्षी आपल्या मैदानात पोरींच्या सात कुस्त्या झाल्या. यंदा बैठकीत ठरलं की त्या सात काढायच्या आणि एकच ठेवायची, तीपण बाहेरून दोन पोरी बोलावून. त्यातली एक रील्सवर फेमस आहे म्हणून पोस्टरवर तिचा मोठा फोटो, खाली 'खास आकर्षण'. कुस्ती पाच मिनिटं, मग हात वर करून बरोबरीत सोडवायची, हे आधीच ठरलंय. आपल्या तालमीतल्या पोरींना काय, तर आखाडा पूजनाला आरतीची ताटं धरायला या म्हणून निरोप.

माझी भाची चार वर्षं तालमीत जाते. पहाटे पाचला उठून. हा निरोप आला त्या दिवशी ती जेवली नाही, आणि रात्री मला एवढंच म्हणाली, "आत्ती, मी ताट धरायला जात नाही. मी कुस्ती खेळतो." तिच्या या एका वाक्यासाठी हे सगळं लिहितेय.

मी विचारायला गेले तेव्हा एका काकांनी जे उत्तर दिलं ते मला आठ दिवस झाले तरी डोक्यातून जाईना. ते म्हणाले, "अगं तू टीव्हीवर डब्ल्यूडब्ल्यूई बघतीस न्हवं, तिथंपण बायका दिसायला बऱ्या असल्या की पब्लिक थांबतंय. आपल्या पोरींची कुस्ती बघायला कोण थांबतंय सांग?"

काका, मी बघते. ती अमेरिकन कंपनीची टीव्हीवरची कुस्ती पंचवीस वर्षं झाली बघते. केबल आली तेव्हा आमच्या घरात दोन भाऊ, शेजारची चार पोरं आणि मी एवढे मिळून बघायचो, बाबा मागनं येऊन "ही कसली कुस्ती, लांग नाही, माती नाही" म्हणायचे आणि मग आमच्यातच बसायचे. तिथला निकाल आधी ठरलेला असतो हे आम्हाला सातवी-आठवीतच कळलं होतं, ते सांगायला कोणी नको. पण एक गोष्ट मी इतक्या वर्षांत पक्की बघितलीय. कोण जिंकणार हे कंपनी ठरवू शकते, पब्लिकनं कोणावर जीव लावायचा हे कंपनीला ठरवता येत नाही. किती वेळा ठरवायला गेले आणि तोंडावर पडले. दिसण्यावर सगळं चालतं म्हणता ना, तर तिथल्या बायकांचंच उदाहरण घेऊया, तुम्हीच काढलेलं आहे.

माझ्या लहानपणी सगळ्यात गाजलेली बाई होती चायना. ती तुमच्या 'दिसायला बरी'च्या व्याख्येत कुठंच बसली नसती. खांदे पुरुषासारखे, दंड आपल्या मधल्या आळीतल्या पैलवानांपेक्षा मोठे. ती पुरुषांबरोबर लढायची आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये तिनं जेफ जॅरेटला हरवून किताबाचा इंटरकॉन्टिनेंटल बेल्ट जिंकला, जो तोपर्यंत एकाही बाईनं जिंकला नव्हता. माझे भाऊ तिच्यासारखं उभं राहून दाखवायचे. मुलं एका बाईची नक्कल करतायत आणि त्यात चेष्टा नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा बघितलं.

त्याच काळात तिथं बायकांना अंगावरचे कपडे ओढायच्या मॅच लावायचे, खरं आहे. पोरं बघायची, तेपण खरं आहे. पण आज माझ्या भावाला विचारा, त्यातली एक मॅच आठवते का. एक आठवत नाही. आठवते ती ६ डिसेंबर २००४ ची, ट्रिश स्ट्रॅटस आणि लिटा. त्या रात्री त्यांची मॅच सगळ्यात शेवटी ठेवली, म्हणजे आपल्याकडची एक नंबरची कुस्ती. लिटानं दोरांतून बाहेर उडी टाकली आणि मानेवर पडता पडता वाचली, आमच्या घरात सगळे एकदम उभे राहिले, आईसुद्धा पोळपाट सोडून दारात आली. आणि लिटा उठली, परत लढली, जिंकली. ट्रिश तर सुरुवातीला मॉडेल म्हणूनच आली होती बरं का, नुसती मिरवायला. तिला लोकांनी डोक्यावर घेतलं ते ती लढायला शिकली तेव्हा, आणि समोर लिटासारखी तोडीस तोड असल्यावर.

जोड म्हणतो ना आपण. जोड बरोबर लागली की कुस्ती रंगते. ते तुमच्याइतकं कोणाला कळतंय? पोरांच्या कुस्त्या नेमताना तुम्ही दोन दोन तास बसता, याचा हात बघ, त्याचा खुराक बघ, मागच्या महिन्यात हा कुठं लढला, त्या तालमीचं आणि या तालमीचं जुनं काय आहे. आणि पोरींच्या? "ही घे आणि ती घे, चला." मागच्या वर्षी माझ्या ४८ किलोच्या भाचीसमोर जी पोरगी उभी केली ती ५७ किलोची होती, तिच्याच तोंडानं नंतर सांगितलं बिचारीनं. वजनकाटा नव्हता. शाळेत आहे, पोषण आहाराच्या खोलीत, कोणी आणला नाही. मग कुस्ती रटाळ झाली की म्हणायचं पोरींच्या कुस्तीत राम नाही.

वेळेचंपण तसंच. २३ फेब्रुवारी २०१५ ला डब्ल्यूडब्ल्यूईत चौघी बायकांची एक मॅच लावली होती, जोडीनं जोडीविरुद्ध, ती साधारण तीस सेकंदांत संपवली. तीस सेकंद. घंटा वाजली आणि संपली. त्या रात्रीपासून लोकांनी नेटवर असा दंगा केला, की यांना संधी द्या, दोन-तीन दिवस तेच चाललं होतं. नुसत्या बायका नाहीत, सगळे लिहीत होते. त्यांना बायका बघायच्या असत्या तर त्या तीस सेकंद दिसल्याच की. त्यांना लढत बघायची होती. मग त्याच वर्षी ब्रुकलिनमध्ये २२ ऑगस्टला बेली आणि साशा बँक्स लढल्या, आणि ७ ऑक्टोबरला परत दोघी, अर्धा तास, शेवटची मॅच म्हणून. ती मॅच बघाच. बेली म्हणजे अगदी साधी, एका बाजूला शेंडी बांधून सगळ्यांना मिठ्या मारत येणारी, आपल्या गल्लीतली कुठलीपण पोरगी वाटावी अशी. साशा मिजासखोर. मध्येच साशानं पहिल्या रांगेत बसलेल्या बेलीच्या एका चिमुकल्या फॅनचा हेअरबँड हिसकावला, ती पोर रडायला लागली, आणि अख्खं पब्लिक साशावर तुटून पडलं. नंतर पुढच्या वर्षी ३ एप्रिल २०१६ ला त्यांनी बायकांचा तो गुलाबी फुलपाखराचा बेल्टच बंद केला, बायकांना लावलेला 'डिव्हा' हा वेगळा शब्द काढून टाकला आणि बायकांनापण पुरुषांसारखंच सुपरस्टार म्हणायला लागले. ऑक्टोबर २०१६ मध्ये साशा आणि शार्लटची पिंजऱ्यातली मॅच मोठ्या शोची शेवटची मॅच झाली. तीस सेकंदांपासून इथपर्यंत यायला दोन वर्षंपण लागली नाहीत. कंपनी तीच होती, बदललं काय तर बायकांना मिळालेला वेळ.

मागच्या वर्षी आपण पोरींना किती वेळ दिला, मी मोबाईलवर लावून बघितलं. सातपैकी पाच कुस्त्या चार मिनिटांच्या आत सोडवल्या. माझ्या भाचीनं वजनाला एवढी भारी पोरगी असून एकेरी पट काढून, म्हणजे एक पाय ओढून, तिला खाली घेतली होती, मागं जाऊन घिस्सा डाव भरायच्या तयारीत होती, आणि पंचांनी दोघींना उठवून हात वर केले. का? तर पुढं मंत्र्यांचा सत्कार होता. तेव्हा आखाड्याच्या कडेला बसलेले एक कन्नड आजोबा, बहुतेक बैलहोंगलकडचे, हलगीवाल्याला ओरडून म्हणाले, "छलो आड्याळ नोड! याक बिडस्तीरी?" चांगली खेळत होती, का सोडवताय. पब्लिक थांबत नाही म्हणता ना तुम्ही, ते आजोबा थांबले होते.

बेकी लिंचचं तर मला फारच सांगायचंय, कारण पोस्टरवर कोणाचा फोटो लावायचा याचं उत्तर त्यात आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीनं ठरवलं की शार्लट ही चांगली आणि बेकी ही व्हिलन. शार्लट उंच, गोरी, नावाजलेल्या पैलवानाची मुलगी, सगळं पोस्टरला लागतं तसं. बेकी आयर्लंडची, वर्षानुवर्षं मागं राहिलेली, दुसऱ्यांच्या स्टोरीत भर घालायला वापरलेली. मॅच हरल्यावर बेकीनं शार्लटला मारलं, म्हणजे पब्लिकनं आता तिला शिव्या घालायच्या असं ठरलेलं. पब्लिकनं काय केलं, तर बेकीच्याच नावानं ओरडायला लागले! कारण त्यांना दिसत होतं की ही इतकी वर्षं राबली आणि हिला कोणी विचारलं नाही, आज हिनं आपला हक्क मागितला. मग १२ नोव्हेंबर २०१८ ला एका झटापटीत खराखुरा ठोसा लागून तिचं नाक मोडलं, तोंडावरनं रक्त वाहतंय आणि ती पब्लिकमध्ये वर जाऊन हात पसरून उभी. तो फोटो बघून कोणी म्हणालं असेल का की ही दिसायला बरी आहे म्हणून फेमस झाली? ७ एप्रिल २०१९ ला रेसलमेनियाची, म्हणजे त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोची, शेवटची मॅच पहिल्यांदा बायकांची झाली, बेकी, शार्लट आणि राँडा राऊझी, आणि बेकी जिंकली. ज्या पोरीला मागं ठेवलं होतं तिलाच लोकांनी ओढून पुढं आणलं.

आपल्या तालमीतल्या पोरींना मागं ठेवलेलं गावाला दिसत नाही असं समजू नका. त्यांना पहाटे पळताना दूधवाले बघतात, उसाच्या ट्रॅक्टरवाले बघतात. शेंगा विकून बापानं बदाम आणले हे सगळ्या गल्लीला माहीत असतंय. ही पोरगी पुढच्या महिन्यात कोणाबरोबर लढणार म्हणून मला दुकानात बायका विचारतात. ही ओढ पैसे देऊन आणता येत नाही काका, ती आपल्याकडं आपोआप तयार झालीय आणि तुम्ही ती घरी बसवताय. बाहेरून येणाऱ्या पोरीबद्दल माझं काहीच वाकडं म्हणणं नाही, तीपण कष्टानंच पैलवान झाली असणार. तिला बोलावून पाच मिनिटं फिरवून बरोबरीत परत पाठवणं हा तिचापण अपमान आहे. आणि टीव्हीवरची कुस्ती ठरवून केलेली म्हणून आपण तिला नावं ठेवतो, मग आपल्या लाल मातीतला पोरींचा निकाल आठ दिवस आधी बैठकीत कसा काय ठरतो?

कपड्यांचा विषय एका मामांनी काढला होता, की पोरींना ते टाइट कपडे घालून मैदानात उतरवायचं म्हणजे गावात बोलतात. जिंद जिल्ह्यातली, हरियाणाची कविता देवी, वेटलिफ्टर होती, २०१६ च्या साउथ एशियन गेम्समध्ये तिनं सुवर्णपदक आणलं. जालंधरला खलीच्या अकादमीत ती पब्लिकमध्ये बसलेली असताना रिंगमधल्या पैलवान बाईनं आव्हान दिलं, तर ही भगव्या सलवार कमीजमध्ये आत गेली आणि तिला उचलून आपटली. तो व्हिडिओ देशभर फिरला, मग २०१७ मध्ये ती डब्ल्यूडब्ल्यूईच्या स्पर्धेत अमेरिकेत लढली, तिथं जाणारी पहिली भारतीय बाई, आणि तिथंपण सलवार कमीजच. ३१ ऑक्टोबर २०१९ ला रियाधमध्ये नताल्या आणि लेसी इव्हान्स अंगभर कपडे आणि वर टी-शर्ट घालून लढल्या, सौदीत पहिल्यांदा बायकांची मॅच, आणि पब्लिकनं ओरडून दाद दिली. आमच्या पोरी आताच टी-शर्ट आणि ट्रॅक पॅन्टमध्ये लढतात. कपड्यांवरनं कोणाची कुस्ती अडलेली नाही. अडते कुठं तर कपडे बदलायच्या जागेवर. मागच्या वर्षी शाळेची खोली दिली, तिच्या दाराला कडी नाही, आम्ही दोघी बाहेरनं ओढणी बांधून धरून उभ्या होतो आणि पोरं खिडकीशी येत होती. हे मी कमिटीतल्या दोघांना त्याच दिवशी सांगितलं होतं.

अजून एक राहिलं, माईकवरचं. निवेदक काकांचा आवाज गावाला आवडतो, मलापण आवडतो, पोरांच्या कुस्तीला ते डाव सांगतात, ढाक मारली, कलाजंग टाकला, हप्ता भरला, कुठल्या वस्तादाचा पट्ठा, सगळं. पोरींच्या कुस्तीला काय म्हणाले, "आता बघा आपल्या गावच्या लाडक्या लेकी, किती गोड दिसतायत." एका पोरीचं नावपण घेतलं नाही, अमक्याची मुलगी, तमक्याची नात. तिनं मारलेला डाव कोणी सांगितलाच नाही तर लांब बसलेल्या माणसाला कळणार कसं की तिनं काहीतरी अवघड केलंय? टीव्हीवर पूर्वी असंच असायचं, बायकांची मॅच चालू असली की कॉमेंट्रीवाले भलतंच बोलत बसायचे. ज्या दिवसापासून ते मॅचबद्दल बोलायला लागले त्या दिवसापासून लोकपण मॅच बघायला लागले.

आणि इनाम. पोरांच्या शेवटच्या कुस्तीला चांदीची गदा. असू दे, तिचा मान आहे. पण त्याच वजनाच्या, त्याच वयाच्या पोराला दोन हजार आणि पोरीला स्टीलचा डबा आणि ब्लाउज पीस? माझ्या भाचीनं तो डबा अजून उघडला नाही.

बायका मैदानाला येत नाहीत असं तुम्ही म्हणता तर त्याचंपण सांगते. जपानमध्ये १९८० च्या दशकात चिगुसा नागायो आणि लायनेस असुका या पैलवान बायकांच्या जोडीचं असं वेड होतं की त्यांच्या शोला येणाऱ्या बहुतेक शाळकरी पोरीच असायच्या. चिगुसाचे केस बारीक, चाल पोरासारखी, रुबाब असा की पोरींना वाटायचं आपणपण असंच व्हावं. २८ ऑगस्ट १९८५ ला ओसाकात ती डंप मात्सुमोटोकडून हरली आणि अटीप्रमाणे रिंगमध्ये तिचं मुंडन केलं, तेव्हा सगळ्या हॉलमधल्या पोरी हमसून रडल्या. तिकडं पोरींना बसायला खुर्ची होती म्हणून त्या आल्या आणि म्हणून चिगुसा मोठी झाली. आपल्याकडं बायका माळवदावरनं, नाहीतर देवळाच्या मागच्या भिंतीवरनं बघतात. मी स्वतः बाबांच्या खांद्यावर बसून येळ्ळूरचं मैदान बघितलंय, बेळगावात आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्त्या बघितल्यात, पण वयात आले आणि बाबांनीच सांगितलं, आता बाई बरं दिसत नाही, घरी बस. त्यानंतर अकरा वर्षं मी मैदानात पाय ठेवला नाही. बाबांवर राग नाही, त्यांना दुसरं काही सुचलंच नसणार, बायकांसाठी जागाच नव्हती कुठं.

आपल्या पैलवानकीत बायका नव्हत्या असंपण नाही. हमीदा बानू १९५४ साली बडोद्यात उतरली आणि बाबा पैलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. लोक लांबनं तिला बघायला यायचे कारण ती उघड आव्हान द्यायची, मला हरवा आणि माझ्याशी लग्न करा. आणि आपल्या कोल्हापुरात एका पुरुष पैलवानाला हरवल्यावर पब्लिकनं तिच्यावर दगड मारले, हेपण झालेलं आहे. मला वाटत होतं तो काळ गेला. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं गदा घेतली, म्हैसूरच्या दसऱ्यातपण पोरींच्या कुस्त्या होतात. महाराष्ट्र केसरीला आपल्या पोरींना दार नाही, आपण पडलो कर्नाटकातले, आणि इकडच्या निवड चाचणीला हल्याळ, गदगच्या पोरी वर्षभर मोठ्या लढती मारून तयार होऊन येतात. सीमाभागातल्या पोरीला सवय व्हायला एकच जागा आहे, ती म्हणजे गावोगावची जत्रेची मैदानं. सरावात कितीपण घाम गाळला तरी हलगी वाजतेय, पाच हजार लोक बघतायत, त्यात पाय थरथरू न देता उभं राहायचं, ते तालमीत शिकता येत नाही. ते तुम्हीच आम्हाला सांगत आलाय.

विनेश फोगाटचं पॅरिस ऑलिम्पिकचं आठवतंय ना? ६ ऑगस्ट २०२४. तोपर्यंत आंतरराष्ट्रीय कुस्तीत कधीच न हरलेल्या जपानच्या सुसाकीला तिनं शेवटच्या क्षणात हरवलं तेव्हा कट्ट्यावर कोणाच्या मोबाईलभोवती गर्दी होती? तुमच्याच. अध्यक्ष काका, तुम्ही स्वतः पेढे आणले होते. दुसऱ्या दिवशी शंभर ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून तिला काढलं, तेव्हा तुम्ही दिवसभर कोणाशी बोलला नाही, काकू सांगत होत्या. ती दिसते कशी हे तुमच्या मनातपण आलं नसणार तेव्हा.

आता आमचं म्हणणं, सरळ सरळ. मागच्या वर्षी पोरींच्या सात कुस्त्या होत्या, तेवढ्या यंदा परत लावा. बाहेरच्या पोरींना बोलवायचं असेल तर जरूर बोलवा, पण त्यांची जोड आपल्या नाहीतर आसपासच्या तालमीतल्या पोरींशी लावा आणि निकाली लावा, ठरवून बरोबरी कोणाचीच नको. सकाळी शाळेतला वजनकाटा आणून सगळ्यांची वजनं घ्या आणि जोडी लावताना वस्तादांबरोबर पोरींना शिकवणारी जी आपली जुनी खेळाडू आहे तिलापण बसवा. प्रत्येक कुस्तीला निदान दहा मिनिटं. सत्कार, भाषणं कुस्ती चालू असताना नकोत, मंत्री येवोत नाहीतर कोणीपण. पोरींच्या दोन कुस्त्या तरी संध्याकाळी सहानंतर, गर्दी असते तेव्हा लावा, दुपारी चारच्या उन्हात रिकाम्या मैदानात सगळ्या उरकू नका. निवेदकांनी पोरीचं नाव, गाव, तालीम आणि डाव सांगावा, रूपाबद्दल काही बोलू नये. एका वजनाला एकच इनाम, पोरगा असो पोरगी असो, आणि ते रोख. कडी असलेली खोली द्या. आखाड्याच्या एका बाजूला बायकांना बसायला जागा, दोर बांधून नुसती, सतरंज्या आम्ही आणतो.

पैशाचा प्रश्न असेल तर तेपण बघितलंय. बचत गटातल्या आम्ही काही जणींनी मिळून तीन कुस्त्यांचं इनाम गोळा केलंय, आणि गावातल्या दोन दुकानदारांनी एकेक कुस्ती लावतो म्हणून शब्द दिलाय. कमिटीनं फक्त दोन कुस्त्यांचं बघायचं.

पोस्टर छापून आलं असलं तरी त्यावर खाली पट्टी चिकटवता येते. रविवारी सकाळी देवळात बैठक आहे असं कळलंय. आम्ही नऊ जणी येतोय, तालमीतल्या सहा पोरी, त्यांच्यातल्या दोघींच्या आया आणि मी. पोरींची नावं आणि वजनं कागदावर लिहून आणतो. भाचीचं आजचं वजन ४९ किलो ३०० ग्रॅम आहे.

तुमचीच,
एका पैलवानाची मुलगी
बेळगाव तालुका